मोटार शीळ का घालते?



खानदेशात पावसाळ्याची पहिली सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोणत्याही गल्लीत एक आवाज हमखास कानी पडतो. कोणी तरी गाडी सुरू करतो आणि इंजिनाच्या धडधडीबरोबर 'चींऽऽ' अशी तीक्ष्ण किंकाळी उठते. पाच-दहा सेकंदांत ती विरते आणि गाडी निघून जाते. त्याच गल्लीत मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर टेकलेला असताना, एक निराळाच आवाज ऐकू येतो. ती बारीक गुणगुण असते. रेस दिली की चढते, रेस सोडली की उतरते. पहिला आवाज ऐकून शेजारी म्हणतात, "बेल्ट गेला." दुसरा ऐकूनही ते तेच म्हणतात. मग बेल्ट बदलला जातो, पैसे जातात आणि पुष्कळदा गुणगुण जागच्या जागी राहते.

याचे कारण असे की हे दोन आवाज एका जातीचे नाहीत. एक घर्षणातून जन्मतो, दुसरा फिरण्यातून. त्यांतला भेद ओळखण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. नववी-दहावीचे ध्वनीचे प्रकरण, एक मोजपट्टी आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढ्यावर काम भागते.

प्रथम बोनेटखाली काय असते ते पाहू. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या एका टोकाला एक मोठी पुली असते. पाठ्यपुस्तकात तुम्ही तिला कप्पी म्हणता. गॅरेजमध्ये कप्पी म्हणालात तर मिस्त्री तुमच्याकडे पाहत राहील, म्हणून आपणही पुलीच म्हणू. या पुलीवरून रबराचा एक पट्टा जातो आणि इंजिनाची थोडी शक्ती इतर यंत्रांना वाटतो. जुन्या अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी आणि जीप गाड्यांत हा पट्टा एकच आणि आखूड असे. डायनमो, पाण्याचा पंप आणि पंखा एवढ्यांना तो फिरवी. म्हणून त्याचे नाव फॅनबेल्ट पडले, आणि पंखा विजेवर गेला तरी ते नाव सुटले नाही. आजच्या गाड्यांत बहुधा एक लांब, चपटा, आतून उभ्या धारा असलेला पट्टा सापासारखा वळणे घेत अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर अशा सर्वांना गाठतो. वाटेत त्याला वळवणारी एखादी मोकळी पुली असते, तिला आयडलर म्हणतात. आणि त्याला ताणून धरणारी एक स्प्रिंगची पुली असते, ती टेन्शनर. इंजिनाच्या आतला टायमिंग बेल्ट हा वेगळा. त्याचा विचार आज करायचा नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. पट्टा घसरत नसेल तर तो सगळीकडे एकाच वेगाने सरकतो. म्हणून लहान पुली अधिक फेऱ्या घेते आणि मोठी पुली कमी. घरी पायाचे शिवणयंत्र असेल तर आजच पाहा. खालच्या मोठ्या चाकाचा व्यास मोजा, वरच्या लहान चाकाचा मोजा आणि भागाकार करा. मोठे चाक हाताने एकदा फिरवले तर लहान चाक किती वेळा फिरते ते मोजून ताडा पाहा.

मोटारीसाठी एक उदाहरण घेऊ. क्रँकची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची आणि गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत आहे, म्हणजे सेकंदाला १३.३. अल्टरनेटरची पुली ६ सेंटिमीटरची असेल तर ती अडीच पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ३३.३ वेळा फिरेल. वॉटर पंपाची पुली साडेबारा सेंटिमीटरची असेल तर १६ वेळा. साडेसात सेंटिमीटरचा आयडलर २६.७ वेळा. प्रत्येक यंत्राचा आपला एक आकडा झाला. जे यंत्र आवाज करते त्याच्या आवाजात हा आकडा, किंवा त्याची काही पट, लपलेली असते.

आणि खुद्द पट्ट्याचा आकडा? त्याची लांबी १८० सेंटिमीटर धरू. क्रँकच्या पुलीचा परिघ सुमारे ४७ सेंटिमीटर. तो सेकंदाला १३.३ वेळा, म्हणजे पट्टा सेकंदाला ६२८ सेंटिमीटर सरकतो. त्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घालायला सेकंदाचा दोनसप्तमांशाहून किंचित जास्त वेळ लागतो; सेकंदाला साडेतीन प्रदक्षिणा. सर्व आकड्यांत हा सर्वांत लहान आहे. पट्ट्याचा एखादा तुकडा फाटला असेल, धारेत खडा अडकला असेल, तर 'चिक्, चिक्, चिक्' असा आवाज सेकंदाला साडेतीन वेळा येईल. तो कानाने सहज मोजता येतो. पुलीचा दोष सेकंदाला १५-२० वेळा किंवा त्याहून अधिक वेळा बोलतो. तो कानाला सुटा ऐकू येत नाही, त्याची घरघर किंवा गुणगुण होते. म्हणून आवाज मोजता येण्याइतका संथ असेल तर पहिला संशय पट्ट्यावर घ्यावा.

किंकाळी कोठून येते?

पहिल्या पावसानंतरची किंकाळी समजून घेण्यासाठी पट्टा पुलीला कसा पकडतो ते पाहिले पाहिजे. उधळलेल्या बैलाचा दोर खुंटाला दोन वेढे देऊन एक मुलगाही धरून ठेवू शकतो, हे तुम्ही पाहिले असेल. वेढा जितका जास्त तितकी पकड जास्त. आणि ही वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर आणि त्यांच्यानंतर जर्मन अभियंता आयटेलवाइन यांच्या नावाने याचे सूत्र ओळखले जाते. पट्ट्याच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या ताणाच्या फार तर किती पट होऊ शकेल हे ते सांगते. घर्षणांक आणि वेढ्याचा कोन (रेडियनमध्ये) यांचा गुणाकार करायचा आणि २.७१८ या संख्येचा तेवढा घात घ्यायचा. ताणांचे गुणोत्तर त्यापलीकडे गेले की पट्टा घसरतो.

पिठाच्या गिरणीतला चपटा पट्टा आठवा. घर्षणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरला तर हे गुणोत्तर येते सुमारे २.६. आता पट्ट्याला इंग्रजी व्ही अक्षराचा, पाचरीचा आकार द्या आणि त्याला तशाच खाचेत बसवा. अमेरिकेत डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी १९१७ साली असा रबरी पट्टा केला. पाचर खाचेत जितकी ओढली जाते तितकी तिच्या दोन्ही बाजू भिंतींवर दाबल्या जातात. ३८ अंशांच्या खाचेत घर्षणाचा परिणाम सुमारे तिप्पट होतो. पण हा तिप्पट आकडा घातांकात बसलेला आहे! ताणांचे गुणोत्तर २.६ वरून एकदम १८ वर जाते. मोटारीच्या एवढ्याशा जागेत एवढासा पट्टा एवढे काम करतो त्याचे रहस्य हे आहे.

मग तो घसरतो कोठे? जिथे वेढा कमी तिथे. अल्टरनेटरची पुली सर्वांत लहान आणि तिच्याभोवती वेढा पुष्कळदा १२० अंशांचाच. तेवढ्याने १८ चे ७ होतात. शिवाय काम सर्वांत अवघड तिचेच. गाडी सुरू करताना बॅटरी थोडी रिती झालेली असते. ती भरण्यासाठी अल्टरनेटरने १४ व्होल्टला ४० अँपिअर दिले तर ती ५६० वॅट वीज झाली, आणि त्यातील व्यय धरता पट्ट्याला सुमारे १००० वॅट शक्ती पुरवावी लागते. सेकंदाला ३३ फेऱ्या आणि ३ सेंटिमीटर त्रिज्या यांवरून हिशोब करा. पुलीच्या कडेवर १६ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ लागते. पट्टा सैल असेल, त्यावर रात्रीच्या पावसाच्या दमटपणाचा थर असेल, तर तो ही ओढ पेलत नाही आणि घसरू लागतो. बॅटरी थोडी भरली, पट्टा तापून कोरडा झाला की पकड परत येते. म्हणून किंकाळी पाच-दहा सेकंदांत थांबते.

पण घसरण्याचा आवाज का व्हावा? साबणाची वडी घसरते तेव्हा ती गात नाही. त्याचे उत्तर असे की पट्टा सलग घसरत नाही. तो चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालते. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड गाऊ लागते ती अशीच, आणि सारंगीवर गज फिरतो तोही असाच. इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा. सारंगीवर गज जलद फिरवला म्हणून स्वर वर चढत नाही, आवाज मोठा होतो. स्वर ठरतो तारेवरून. तसेच पट्ट्याच्या किंकाळीचा स्वर मुख्यतः पट्टा आणि पुली यांच्या स्वतःच्या कंपनांवरून ठरतो, इंजिनाच्या वेगावरून नव्हे. रेस वाढवा, किंकाळी वाढेल, तुटक होईल, क्वचित एकदम उडी मारेल, पण इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर पायरीपायरीने चढत जाणार नाही.

गुणगुण मात्र चढते. इंजिनाच्या फेऱ्या ८०० च्या १६०० केल्या की तिची वारंवारता बरोबर दुप्पट होते. गाणे शिकणाऱ्यांसाठी सांगायचे तर ती षड्जापासून निघून तार षड्जावर जाते. तुमच्या वर्गात पेटी वाजवणारा कोणी असेल तर हे काम त्याच्यावर सोपवा. स्वर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असेल तर दोष फिरणाऱ्या यंत्रात. बांधलेला नसेल तर घसरणाऱ्या पट्ट्यात. या एका कसोटीने निम्मे काम होते. (आवाज गाडी चालत असतानाच येत असेल आणि उभी असताना रेस देऊनही येत नसेल, तर तो गिअरबॉक्स किंवा चाकाच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक. तो बोनेट उघडून सापडायचा नाही.)

पट्टा दोनदा बदलला, तरी…

आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी दर आठवड्याला पारोळा-एरंडोलमार्गे धुळे-जळगाव ये-जा करतात. त्यांच्या गाडीला गुणगुण लागली. एका गॅरेजमध्ये पट्टा बदलून झाला, दुसऱ्यात पट्टा पुन्हा बदलून टेन्शनरही नवा झाला; गुणगुण तशीच. तिसऱ्या ठिकाणी अल्टरनेटरच नवा घालायला सांगितले, तेव्हा खर्चाचा आकडा ऐकून ते माझ्याकडे आले.

आम्ही धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडण्याआधी गाडीचे दिवे लावायला सांगितले, मग पंखा पूर्ण वेगात. प्रत्येक वेळी गुणगुण थोडी जाड झाली. ते अहिराणीत म्हणाले, "सर, हाऊ आवाज पट्टाना नही शे." दिवे लावल्याने पट्ट्याच्या वाटेत काही बदलत नाही, कोणत्या पुलीचा वेगही बदलत नाही, बदलतो तो केवळ अल्टरनेटरवरचा विजेचा भार. पट्टा घसरत असता तर भार वाढताच किंकाळी आली असती. तशी ती आली नाही. जो स्वर होता तोच जोरकस झाला.

माझ्याजवळ मोबाइल होता. आवाजातील वारंवारता आलेखात दाखवणारी साधने आज मोबाइलवर फुकट मिळतात. आमच्या विद्यार्थिदशेत त्यासाठी प्रयोगशाळेतले कपाटाएवढे यंत्र लागे. आलेखात २०० हर्ट्झच्या जवळ एक ठळक शिखर आले आणि ४०० व ६०० ला त्याची धाकटी भावंडे. वर उदाहरणात दिलेली मापे याच गाडीची आहेत. २०० ला ३३.३ ने भागले की उत्तर ६. वॉटर पंपाच्या १६ ने भागले तर १२.५, आयडलरच्या २६.७ ने भागले तर ७.५, पूर्णांक नाहीत. क्रँकच्या १३.३ ने मात्र बरोबर १५ येतात, म्हणून एकट्या भागाकारावर विसंबू नये. परंतु चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, त्यामुळे इंजिनाचे ठळक स्वर सम पटींचे असतात. आणि दिवे लावल्याने तेवढाच एक स्वर जोरकस व्हावा असे इंजिनात काही नाही.

हा ६ चा आकडा कोठला? नेहमीच्या अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागावर पंजासारखे लोखंडी दात असतात, सहा उत्तर ध्रुवाचे आणि सहा दक्षिण ध्रुवाचे, एकाआड एक. त्यामुळे एका फेरीत स्थिर वेटोळ्यांत विजेची सहा आवर्तने होतात. वेटोळ्यांचे तीन संच असतात. त्यांचा प्रत्यावर्ती प्रवाह डायोडमधून जाऊन एकदिश होतो, तेव्हा दर आवर्तनात सहा लहान उंचवटे राहतात. म्हणजे एका फेरीत ३६. निरोगी अल्टरनेटर या वेगाला १२०० हर्ट्झच्या आसपास अगदी मंद गुणगुणतो आणि इंजिनाच्या गलक्यात तो ऐकूही येत नाही. पण एक डायोड निकामी झाला की सहा उंचवट्यांतला काही भाग गळतो आणि प्रत्येक आवर्तन लंगडू लागते. फेरीला सहा वेळा लंगडणे, सेकंदाला ३३.३ फेऱ्या: २०० हर्ट्झ. चुंबकाची ओढ त्याच ठेक्यात कमीजास्त होते आणि अल्टरनेटरचे कवच कंप पावते. गावातली डीपी गुणगुणते ती याच जातीची. तिचा स्वर १०० हर्ट्झचा, कारण विजेच्या ५० आवर्तनांत लोखंडावर १०० वेळा ओढ येते.

मिस्त्रींनी हे गणित केले नाही, त्यांना ते नकोही होते. त्यांनी अल्टरनेटरच्या चुंबकाला वीज देणारा प्लग क्षणभर काढला. गुणगुण तत्क्षणी थांबली. प्लग लावताच परत आली. या कसोटीचे मला फार कौतुक वाटले. पट्टा तोच, बेअरिंग तेच, फिरणे तेच; गेले ते केवळ चुंबकत्व. बेअरिंगचा आवाज असता तर प्लगने त्याला काहीच फरक पडला नसता. अल्टरनेटर खोलून डायोडची पट्टी तेवढी बदलली, आणि काम नव्या अल्टरनेटरच्या किमतीच्या लहानशा अंशात झाले. (प्लग काढण्याचा प्रयोग तुम्ही करू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'अल्टरनेटर तपासण्याची' जी जुनी खोड काही ठिकाणी आहे, ती आजच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जाळू शकते.)

पाणी आणि काठी

घसरण आणि वाकडेपणा यांत फरक करण्याची एक सोपी रीत गॅरेजमध्ये वापरतात. चालत्या पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. आवाज काही सेकंद थांबला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. पट्टा खाचेत तिरपा शिरताना कोरडा घासत होता, त्याला पाण्याचे वंगण मिळाले. आवाज उलट वाढला, तर पट्टा सैल आहे किंवा टेन्शनर थकला आहे. घसरणाऱ्याला आणखी घसरवले. काहीच बदल झाला नाही, तर पट्टा निर्दोष मानून बेअरिंगकडे वळावे. साबण किंवा राळ लावून आवाज बंद करणे मात्र मला पसंत नाही. गिरणीच्या उघड्या चपट्या पट्ट्याला राळ चालून जाई. मोटारीच्या पट्ट्यावर तिला आपल्याकडची काळ्या मातीची धूळ चिकटते आणि धारांचे सहाणेवरच्या चंदनासारखे झिजणे सुरू होते. आजच्या पट्ट्यांचे ईपीडीएम रबर जुन्या रबरासारखे लवकर तडकत नाही, त्यामुळे पट्टा वरून नवा दिसतो आणि त्याच्या धारा मात्र टायरच्या नक्षीसारख्या झिजून गेलेल्या असतात. तडे नाहीत म्हणून पट्टा चांगला, हे अनुमान आता चालत नाही.

बेअरिंग शोधायला मिस्त्री लांब पेचकस किंवा लाकडी काठी वापरतात. एक टोक यंत्राच्या न फिरणाऱ्या कवचावर, दुसरे कानाजवळच्या हाडावर. 'पोलादात आवाज हवेपेक्षा जलद जातो म्हणून नीट ऐकू येते' असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५००० मीटर जातो, हवेत ३५०, हे खरे. पण अर्ध्या मीटरच्या काठीत आवाज सेकंदाचा हजारांश भाग लवकर पोचून काय साधणार? खरे कारण असे की धातूतून हवेत शिरताना आवाजाचा बहुतेक भाग सीमेवरच परत फिरतो. काठी ती सीमाच टाळते. आणि जिथे ती टेकली तिथलेच कंपन ती आणते, बाकीचा गलका बाहेर राहतो. फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली, आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप झाला. मिस्त्रींची काठी त्याच घराण्यातली.

बेअरिंगचा स्वर कसा ओळखावा? त्यातल्या गोळ्या एका पिंजऱ्यात बसून फिरतात, आणि पिंजरा दांड्याच्या सुमारे ०.४ पट वेगानेच फिरतो. आठ गोळ्या असतील तर बाहेरच्या कड्यावरील एखाद्या खड्ड्यावरून दांड्याच्या एका फेरीत सुमारे ३.२ गोळ्या जातात. म्हणजे हा आकडा फेऱ्यांची पूर्ण पट नसतो. अल्टरनेटरच्या ३३.३ फेऱ्यांना तो १०७ च्या आसपास येईल. आलेखात अशी अपूर्णांकी पट दिसली आणि दिव्यांनी ती हलली नाही, तर तिथे बेअरिंग बोलते आहे. सुरुवातीला ही गुणगुण असते, ग्रीस संपत गेले की घरघर होते.

पॉवर स्टिअरिंगचा तेलपंप पट्ट्यावर असेल, तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवताना तो कण्हतो. तेल कमी होऊन त्यात हवा शिरल्याचे ते चिन्ह. अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. एसीचा बटण दाबताच आवाज बदलला तर कॉम्प्रेसर पाहावा. पण एसी बंद असतानाही त्याची पुली फिरतच असते, हे विसरू नये.

सर्वांत गंभीर गुणगुण वॉटर पंपाची. ती आवाजाने फारशी मोठी नसते आणि एसीच्या पंख्यात बुडून जाते. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतली सील झिजली की तिथून थेंब पाझरतात आणि वाळून पांढुरका किंवा रंगीत डाग पडतो. डाग आणि गुणगुण दोन्ही असतील तर पंपाचे दिवस भरले. मे महिन्यातल्या दुपारी रावेरहून केळी भरलेली गाडी चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट चढते आहे अशी कल्पना करा. इंजिन पूर्ण जोरात, गाडीचा वेग कमी म्हणून समोरचा वारा नाही, आणि जी हवा रेडिएटरमधून जाते ती आधीच ४४ अंशांची. अशा वेळी पंपाचे बेअरिंग मोडले किंवा पट्टा तुटला तर पाणी फिरणे थांबते आणि काही मिनिटांत इंजिनाच्या माथ्याचे धातू वाकू लागते. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा बहुधा आधी पेटतो, कारण अल्टरनेटरही त्याच पट्ट्यावर असतो. तो दिवा बॅटरीचा म्हणून 'घाट चढून पाहू' असे कोणी म्हटले तर त्याला थांबवा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचे झाकण ते निवेपर्यंत उघडू नका; आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असू शकते.

प्रयोग करणाऱ्यांना एक ताकीद. पुल्यांची मापे इंजिन बंद करून, ते गार झाल्यावर आणि किल्ली काढून घेऊनच घ्या. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो. इंजिन चालू असताना तुम्ही बोनेटपासून हातभर दूर उभे राहून आवाज ऐकायचा आणि मोबाइलवर टिपायचा, एवढेच. ओढणी, सैल बाह्या, मोकळी वेणी पट्ट्याजवळ नको. पाण्याचा फवारा आणि काठी हे मिस्त्रींचे काम, ते त्यांना करताना पाहा.

आता एक गणित तुमच्यासाठी. एका पिकअप गाडीच्या क्रँकच्या पुलीचा व्यास १४ सेंटिमीटर, अल्टरनेटरच्या पुलीचा ७, वॉटर पंपाच्या पुलीचा १२ आणि पट्ट्याची लांबी २ मीटर आहे. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असताना 'चिक्, चिक्' असा आवाज येतो. घड्याळ लावून मोजला तर १० सेकंदांत तो ३३ वेळा झाला. दिवे लावून फरक पडत नाही. मालक म्हणतात, अल्टरनेटर बदलू या. तुम्ही त्यांना काय सांगाल, आणि ते पटवून देण्यासाठी इंजिन बंद केल्यावर नेमके काय बोटाने दाखवाल?